दूधविनायकातली शेंदरी तलवार

काशीला जाणारा माणूस जाताना रिकामा गडू नेतो आणि येताना भरून आणतो. मी एक लांबट लाकडी पेटी घेऊन गेले. परत आल्यापासून शेजारपाजारचे विचारतात, गंगेत बुडी मारलीत का, विश्वनाथाचं दर्शन नीट झालं का? बुडी मारली नाही. दर्शन झालं, धक्के खात. पण ज्या कामाला गेले होते ते कसं झालं हे विचारायचं कुणाला सुचत नाही, म्हणून आपणहून लिहायला बसले.

माझं काम जुन्या हत्यारांचं. गंज काढायचा, सैल झालेली मूठ बसवायची, आणि हत्यार कुठलं, साधारण कुठल्या काळातलं ते सांगायचं. लोकांना यातलं शेवटचं तेवढं हवं असतं, आणि तेही त्यांच्या मनात असेल तसंच. ज्या घरी जावं त्या घरातली तलवार कुठल्यातरी मोठ्या लढाईत चाललेली असते. भिंतीवर नुसतीच टांगलेली तलवार मला अजून कुणी दाखवलेली नाही.

या वेळी आमच्याकडच्या एका नव्या संग्रहालयाने पाठवलं होतं. काशीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरात कुणा मराठा सरदाराची तलवार आहे, देव्हाऱ्यात पुजतात, आणि घरचे लोक ती दसऱ्याला द्यायला तयार आहेत, असं त्या घरच्या मुलाने कळवलं होतं. 'बघा, आणि योग्य असेल तर घेऊनच या,' असं मला सांगितलं. पेटी त्यासाठी.

सप्तमी, दूधविनायक

दूधविनायक ही काशीतली जुनी मराठी वस्ती. तिथल्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची असते. माझी पेटी पहिल्याच वळणावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. पलीकडे एक स्कूटर, अलीकडे एक गाय. पानाच्या ठेल्यावरचा एक गृहस्थ हे सगळं मजेत बघत होता. तोंडातला रस बाजूला टाकून म्हणाला, "लंबा सामान है दीदी, अर्थी की तरह ले चलिए. एक कंधा आगे, एक कंधा पीछे."

आणि खरोखरच दोघांनी ती तिरडीसारखी खांद्यावर उचलली. वळण सुटलं. पण त्या गावात खांद्यावरून काय जातं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या घराचं दार उघडणाऱ्या सुनेने पेटी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

तिच्यामागे नानाकाका उभे होते. घरचे कर्ते, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर घाटावर पौरोहित्य केलेले. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आमच्यात मुलगी बघायला येताना कुणी डोली घेऊन येत नाही," ते म्हणाले. "आधी पाहणी करा. या, आत या. चाय घ्या."

मी खजील झाले आणि मला रागही आला. पेटी काही मी हौसेने आणली नव्हती. पण म्हातारा बरोबर बोलला होता, याचाच राग जास्त.

घरात माणसं तीनच. नानाकाका, त्यांचा मुलगा हेमंत आणि सून सुनीता. हेमंत बँकेत आहे, बदलीच्या नोकरीमुळे वर्षातले बरेच महिने बाहेर असतो. संग्रहालयाला लिहिलं ते त्याने. सुनीता मिर्झापूरची, हिंदी घरातली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते, तरी नानाकाका तिचा उल्लेख अजून 'मिर्झापूरवाली' असाच करतात. उपासाचं जेवण तिनेच वाढलं. आपल्याकडे वरीचे तांदूळ असतात, तिथे तिन्नीचा भात, तळ्यात आपोआप उगवणाऱ्या धान्याचा. मातकट, चिवट, दाण्याच्या आमटीबरोबर फार छान लागतो. मी दोनदा मागून घेतला. ती मात्र जेवण होईपर्यंत पेटी ठेवलेल्या कोपऱ्याकडे बघत होती.

जेवणानंतर नानाकाकांनी गोष्ट सांगितली. कुणी एक मराठा सरदार काशीत आला होता. निघताना त्याने ही तलवार त्यांच्या पूर्वजाकडे ठेव म्हणून दिली. परत येतो म्हणाला, आला नाही. ठेव वापरता येत नाही, विकता येत नाही, म्हणून तिला देव्हाऱ्यात ठेवली. देव्हाऱ्यात आली म्हणून ती देवी झाली.

"माझ्यानंतर हिला शेंदूर लावणारं कोणी नाही," ते म्हणाले. "हा हेमंत आज इथे, उद्या गोंडा-बस्तीला. म्हणून मी कबूल झालो. सरदाराची असेल तर त्याच्या मुलखात जाऊ दे. ठेव परत करायची असते."

"आणि सरदाराची नसेल तर?"

ते देव्हाऱ्याची किल्ली काढत उठले. मग लक्षात आलं, की मी काहीही सांगितलं तरी या माणसाचं काहीतरी जाणार आहे. मराठा म्हटलं तर देवी घरातून जाणार. नाही म्हटलं तर इतक्या पिढ्यांनी कुणापुढे हात जोडले, असा प्रश्न उभा राहणार.

देव्हारा म्हणजे माजघरातली एक छोटी खोली, तिला कुलूप. आत कोनाड्यात तलवार उभी होती. पात्यावर जरीचा खण गुंडाळलेला. वर सगळी मूठ शेंदराने माखलेली. वर्षानुवर्षं तेलात कालवून थरावर थर चढवलेला शेंदूर, त्याचा एक गोळाच झालेला, आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. मूठ दिसतच नव्हती, मुखवटा दिसत होता. मधोमध पुढे आलेलं वाकडं नाक.

आणि माझी नजर अडकली ती त्या नाकावर.

आपल्याकडच्या तलवारीच्या मुठीला टोकाला थाळीसारखी चकती असते. शेंदूर कितीही चढवा, चकतीचं नाक होत नाही. असं आकड्यासारखं पुढे वाकलेलं टोक मी थोड्याच मुठींना पाहिलं होतं, आणि त्यांतली एकही हिंदुस्थानातली नव्हती. त्या सगळ्या उत्तर आफ्रिकेच्या, मोरोक्को ते ट्युनिस या पट्ट्यातल्या.

 नुसता आकार बघून तोंड उघडायचं नाही, हे मी ठेचा खाऊन शिकले आहे.

"हात लावायचा नाही," नानाकाका म्हणाले. "घरच्या पुरुषाशिवाय हिला कुणी शिवत नाही."

मी दाराबाहेरूनच टॉर्च मारला. डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत शेंदराला बारीक चीर गेलेली होती. सुनीता माझ्या शेजारी उभी होती, तीही उंबऱ्याच्या अलीकडेच. या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईची आणि आजच आलेल्या माझी जागा एकच, हे मला खटकलं.

अष्टमी, संकठा घाट

सकाळी हेमंत मला संकठादेवीच्या दर्शनाला घेऊन गेला. अष्टमीची गर्दी. हातात नारळ आणि लाल चुनरी घेतलेल्या बायकांची रांग पार गल्लीत. आपल्याकडे नवरात्रात घट बसतो आणि घरातली बाई घरालाच बांधली जाते. इथे नऊ दिवस सगळी बायकामंडळी एका देवळातून दुसऱ्या देवळात हिंडत असतात. मला ते जास्त आवडलं.

दर्शन करून घाटावर उतरलो. पुराचं पाणी नुकतंच ओसरलं होतं आणि पायऱ्यांवर कमरेएवढा गाळ. माणसं पंप लावून नदीच्याच पाण्याने तो गाळ पुन्हा नदीत ढकलत होती. हेमंतने एक धुतलेली पायरी शोधून रुमाल अंथरला.

"ताई, एक बात सांगा. तुम्हाला काही तरी दिसलंय. तुमचा चेहरा कालच उतरला."

मी म्हटलं, मूठ उघडी पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

"मतलब मराठी नाही," तो म्हणाला. बँकेतला माणूस, कागद न वाचता सही कुठे अडलीय ते ओळखतो. "बघा, मराठ्यांकडे परदेशी पात्यांच्या तलवारी होत्याच ना? फिरंग म्हणायचे. मग तसं लिहा. खोटं थोडीच होणार?"

"हेमंत, तुम्हाला ती घरातून घालवायचीच आहे का?"

तो गाळाकडे बघत राहिला. "माझी पुढच्या महिन्यात परत बदली. बाबांना रोज पहाटे थरथरत्या हाताने पाणी भरताना, सोवळं नेसताना बघितलंय मी. एक दिवस त्या उंबऱ्यात पडतील. देवी गेली तर सुटतील ते. आणि नुसती परदेशी चीज आहे म्हटलं तर... ताई, ते जगणार नाहीत. सही कहता हूं."

मला त्याचा राग येईना. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आणि त्याची युक्ती पोकळ नव्हती, तोच घोर होता. युरोपात घडलेली पाती समुद्रावरून सगळीकडे गेली. दक्षिणेत त्यांना मराठी मुठी बसल्या, मोरोक्कोत तिथल्या. एक ओळ जराशी तिरकी लिहिली तर कुणालाही पकडता आलं नसतं. मी दिवसभर त्या ओळीशी खेळत होते, हे कबूल करते.

घरी आलो तर नानाकाका देव्हाऱ्याच्या दारात बसलेले. पूजा करताना चीर वाढली होती. आता तिच्यात नखाचं टोक गेलं असतं.

शेंदराचं कवच असं आपणहून सुटायला लागलं की ते काढून नदीत सोडायचं, आणि देवाला नव्याने शेंदूर लावायचा, ही आपल्याकडचीही रीत. पण ते अनेक पिढ्यांतून एकदा होतं. नानाकाकांच्या हयातीत झालं नव्हतं.

"उद्या खंडेनवमी," ते म्हणाले. "तिनेच ठरवलंय. उद्या काढू. मी काढीन, तुम्ही बघा. आणि जे दिसेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून नाही. समजलं?"

मला वाटलं, यांनी घाटावरचं आमचं बोलणं ऐकलं की काय. ऐकलं नव्हतं. माणसं जन्मभर बघितलेला पुरोहित होता तो.

नवमी

बनारसी लोक शस्त्रं दशमीला पुजतात, कारखानेवाल्यांची विश्वकर्मापूजा तर आधीच झालेली असते. पण या घरात अजून खंडेनवमीच. पाटावर सुनीताची विळी, अडकित्ता, हेमंतची स्कूटरची किल्ली, सगळ्यांना हळदकुंकू. मग नानाकाकांनी तलवार कोनाड्यातून उचलली आणि बाहेर माजघरात, उजेडात आणून पाटावर ठेवली. हात इतके थरथरत होते की हेमंत पुढे झाला. त्यांनी नजरेनेच त्याला मागे सारलं.

कोमट तिळाचं तेल चिरेत सोडलं. बांबूची कामटी हळूच सरकवली. मी गुडघ्यांवर बसून बघत होते. कामटी निसटली तर खाली काय आहे ते कायमचं खरवडलं जाणार. 'हळू, काका, कडेने,' असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे वटारले.

आधी चांदीचे डोळे निघाले. सुनीताने ते वाटीत झेलले. मग एकदम, सुकलेली साल निघावी तसं अर्धं कवच अखंड सुटून पाटावर पडलं. उरलेलं अर्धं नानाकाकांनी कामटीने तुकड्यातुकड्याने काढलं.

मूठ काळ्या शिंगाची होती. टोक आकड्यासारखं पुढे वाकलेलं. बोटांवरून खाली एक लोखंडी कमान आलेली, आणि मुठीच्या तळचे आडवे दांडे पात्याकडे वाकलेले. आपल्या तलवारीचे असे कधी नसतात. शिंगात शिंपल्याचे चकचकीत तुकडे आणि चांदीच्या बारीक तारेच्या वेलबुट्ट्या. शंकेला जागाच उरली नव्हती.

हिंदुस्थानातली नाही, इतकं ठरलं. पण कुठली? दिसायला अशाच तलवारी पूर्वेला अरबस्तान आणि झांझिबारच्या बाजूलाही असतात, आणि तिथली गलबतं तर कोकणात यायचीच. तिकडची निघाली असती तर हेमंतची तिरकी ओळ जवळजवळ सरळ झाली असती. त्या तलवारींच्या कमानीला पात्याजवळ एक कडी असते. मी कडी शोधली. नव्हती. मोरोक्कोच्या मुठी बहुधा साध्या, इतका शिंपला त्यांना सहसा नसतो.

"इथे शेंदूर उरलाय," नानाकाका म्हणाले आणि शिंपल्याच्या मधले लाल ठिपके धोतराच्या सोग्याने पुसू लागले. पुसले जाईनात. त्यांनी जोर लावला.

"बाबा, थांबा," सुनीता म्हणाली. ती नकळत उंबरा ओलांडल्यासारखी पुढे आली होती. तिने आपलं मंगळसूत्र पदरातून बाहेर काढलं. काळ्या मण्यांत दोन लाल मणी होते. "हा शेंदूर नाही. पोवळं आहे. सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्रात ओवलेलं, तसंच."

तिचं बरोबर होतं, आणि मला हवा असलेला पुरावा तोच होता. पोवळं अल्जीरियाच्या किनाऱ्यावर समुद्रातून काढतात. शिंपला, चांदीची तार आणि पोवळं एकत्र जडवायचं काम त्याच बाजूचं. मी पातं बघायला मागितलं. नानाकाकांनी खण सोडला. पात्यावर दातेरी चंद्रकोरींची जोडी, युरोपातली खूण.

"ही खूण तर फिरंगेवर पण असते ना?" हेमंत घाईने म्हणाला. "ताई?"

"असते."

"मग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ती ओळ अगदी जिभेवर होती. मी नानाकाकांकडे बघितलं आणि ती गिळली.

"पातं युरोपातलं. मूठ अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या कारागिराची, हे खात्रीने सांगते. मराठी घडणीचं हिच्यात काही नाही. इथे कशी आली, मला माहीत नाही."

"सरदाराजवळ असू शकेल?" नानाकाकांनी विचारलं.

"असू शकेल. कुणा यात्रेकरूने दक्षिणा म्हणून दिली असेल, असंही असेल. ही सरदाराचीच, असं म्हणायला माझ्याकडे काही नाही, काका."

 नानाकाकांनी कवचाचे तुकडे आणि तलवार उचलून आत नेली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत. हेमंतने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी त्याच्या बापाला मारलं होतं, असं ते बघणं होतं.

दशमी, मुन्शी घाट

सकाळी सुनीताच्या हाकेने उठले. "ताई, बाबा नाहीत. तुमची पेटी पण नाही."

देव्हाऱ्याला कुलूप होतं. आत काय आहे, काय नाही, कळायला मार्ग नव्हता. पण तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. ती नदीत सोडतात.

नानाकाकांच्या ओळखीचा नावाडी मुन्शी घाटावर होडी लावतो. आम्ही धावत सुटलो. हेमंत पुढे, सुनीता चपला हातात घेऊन, मी सगळ्यात मागे, गाळात घसरत. एकदा बदकन बसले आणि साडीची पार वाट लागली. मनात एकच, की मी खरं बोलले आणि एक म्हातारा त्याची देवी बुडवायला निघाला. खरं बोलायची एवढी काय घाई होती मला?

होडी सुटत होती. मधोमध पेटी, तिच्यावर हात ठेवून नानाकाका. पेटी खांद्यावरून आणणारे दोघे अजून पायरीवर उभे होते. हेमंत ओरडला, "बाबा, रुका!" नावाड्याने होडी थांबवली. आम्ही तिघंही चढलो.

"बाबा, ती लोखंडाची का असेना, बुडवू नका," हेमंत म्हणाला. देवी घालवायला निघालेला हाच माणूस आता पेटीवर हात दाबून बसला होता. "मी बदली नाही घेत. मी लावीन शेंदूर."

नानाकाकांनी नावाड्याला पुढे चलायची खूण केली. धारेजवळ नावाडी म्हणाला, "बाबा, अब आगे धार तेज बा." मग नानाकाकांनी हेमंतचा हात बाजूला केला आणि झाकण उघडलं.

आत नुसतं कवच होतं. तांबडे, जाड तुकडे, फुलांत ठेवलेले. एका मोठ्या तुकड्याची आतली बाजू वर आली होती आणि तिच्यावर मुठीची सगळी नक्षी उलटी उमटलेली. माझ्यातल्या जाणकाराचा जीव तुटला. तो तुकडा मागून घ्यावा म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

"पेटी आणलीच होतीत," नानाकाका मला म्हणाले. "रिकामी कशी पाठवणार?"

त्यांनी मंत्र म्हणत एकेक तुकडा पाण्यात सोडला. पाणी जरा वेळ लाल दिसलं, मग नेहमीसारखं मातकट.

"ठेव धन्याला परत करायची असते," परतताना ते म्हणाले. "धनी कोण ते ताईंना सांगता येत नाही. मग कुणाला देऊ? राहू दे घरातच."

सुनीता रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी जानव्याची किल्ली सोडली. तलवार कोनाड्यात उभी होती, उघडी, बिनडोळ्यांची. हेमंत सोवळं नेसायला वळला, तसं नानाकाकांनी त्याला थांबवलं.

"तू गोंड्याला जा. नोकरी कर." मग ते सुनेकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मिर्झापूर मध्ये न आणता त्यांनी तिला हाक मारली. "सुनीता, शेंदूर कालव. आत ये."

ती उंबऱ्यापाशी थांबली. "बाबा, मी?"

"आता हात माझे हलतात. तुझे नाही हलत. ये."

तिने वाटीत तेल घेतलं, शेंदूर कालवला आणि उंबरा ओलांडला. मी दाराबाहेरच उभी होते, आणि त्या दिवशी ती जागा मला मुळीच खटकली नाही. तिने पहिलं बोट आकड्याच्या टोकावर टेकवलं, दुसरं कपाळाच्या जागी. मग बोट शिंपल्याकडे वळलं.

"तिथे नको," नानाकाका म्हणाले. "पोवळी झाकू नकोस. माहेरचा दागिना आहे तिचा."